हुशार संशोधकाला सरकारी अनुदानातून नेमके काय मिळते?

राज्य विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात दोन वर्षांपूर्वी सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या एका तरुण प्राध्यापिकेने मला एक प्रश्न पाठवला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे: ‘जेआरएफ, इन्स्पायर किंवा रामानुजन यांसारखी सरकारी संशोधन-फेलोशिप मिळालेल्यांचे शोधनिबंध इतरांपेक्षा जास्त आणि चांगले असतात, हे दिसतेच. पण हा गुण पैशाचा की माणसाचा? ते मुळात हुशार होते म्हणूनच त्यांची निवड झाली असेल, तर पैसा नसता तरी त्यांनी तेवढेच काम केले नसते का? आणि सरकारकडे पैसा मोजकाच असेल, तर तो मोजक्या हुशारांना भरभरून द्यावा की अनेकांना थोडा थोडा?’

मी एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, उत्प्रेरकांवर, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांवर, काम केले, चौदा विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मार्गदर्शन केले आणि सुमारे बारा वर्षे अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्या समित्यांवर काम केले. अर्ज करणारा, ज्याचा अर्ज नाकारला गेला तो, आणि दुसऱ्याचा अर्ज नाकारणारा, अशा तिन्ही जागांवर मी बसलो आहे. त्या अनुभवातून माझे उत्तर असे आहे की अनुदानाने हुशारी येत नाही, सलग वेळ येतो. आणि ज्याच्याकडे पैशाचा दुसरा कोणताही मार्ग नाही त्याच्या हाती आलेला पहिला पैसा सर्वांत जास्त फळ देतो. त्याच्या जोडीला हेही सांगितले पाहिजे की पैसा कमी असल्याने कामाचे जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त नुकसान तो बेभरवशाचा असल्याने होते.

आधी प्रश्नाच्या पहिल्या भागाकडे येतो. फेलोशिप मिळालेल्यांची तुलना न मिळालेल्या सर्वांशी करणे चुकीचे आहे, हा आपला संशय रास्तच आहे. अकरावीच्या प्रवेशाला नव्वद टक्क्यांचा कट-ऑफ असलेल्या महाविद्यालयाने आपल्या बारावीच्या निकालाचे श्रेय स्वतःकडे घ्यावे, तशी ती तुलना होईल. म्हणून अभ्यासक अलीकडे काठावरच्या लोकांकडे पाहतात. समितीने दिलेल्या गुणांनुसार यादी लावली, की रेषेच्या जरा वरचा आणि जरा खालचा यांच्या गुणवत्तेत खरे तर काहीच फरक नसतो. त्या दिवशी एखाद्या परीक्षकाने एक गुण कमी दिला असता, तर नावे उलटसुलट झाली असती, हे मी स्वतः त्या खोलीत बसून पाहिलेले आहे. पण रेषेच्या वरच्याला पैसा मिळतो आणि खालच्याला मिळत नाही, त्यामुळे पुढच्या पाच-दहा वर्षांत त्या दोघांच्या कामात जो फरक पडतो तो बव्हंशी पैशाचा मानता येतो.

या पद्धतीने काढलेली उत्तरे एकसारखी नाहीत आणि खरी शिकवण त्या वेगळेपणातच आहे. वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या अनुदानांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की सरासरी १७ लाख डॉलरांचे अनुदान मिळालेल्या संशोधकाचा पुढच्या पाच वर्षांत फक्त एक शोधनिबंध वाढतो, म्हणजे साधारण ७ टक्के वाढ होते. एवढ्या पैशाचे एवढेच फळ कसे, असे कोणालाही वाटेल. पण ज्यांना नाकारले गेले ते हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांनी दुसऱ्या खात्याकडून, खासगी प्रतिष्ठानाकडून, आपल्या विद्यापीठाच्या निधीतून पैसा उभा केला आणि काम चालू ठेवले. म्हणजे तिथे तुलना झाली ती हे अनुदान आणि ते अनुदान यांची. अनुदान असणे आणि नसणे यांची तुलना झालीच नाही.

याच्या अगदी उलट चित्र सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या रशियात दिसले. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांचे पगार कवडीमोल झाले आणि प्रयोगशाळांचा सरकारी पैसा जवळजवळ आटला. त्या काळात जॉर्ज सोरोस यांच्या देणगीतून २८,००० हून अधिक शास्त्रज्ञांना प्रत्येकी ५०० डॉलर दिले गेले. तो पैसा सरकारी नव्हता, तरी प्रश्न तोच आहे. काठावरच्या शास्त्रज्ञांची तुलना केल्यावर असे दिसले, की एवढ्याशा रकमेने त्यांच्या शोधनिबंधांची संख्या दुपटीहून जास्त झाली आणि अनेक जण विज्ञान सोडून जाण्यापासून थांबले. तिकडे १७ लाख डॉलरांनी ७ टक्के आणि इकडे ५०० डॉलरांनी दुप्पट! अमेरिकेत नाकारल्या गेलेल्या माणसाला उभे राहायला दुसरी जागा होती आणि रशियात नव्हती, मुख्यतः या कारणाने हा फरक पडला, असे मला वाटते.

आता आपण स्वतःला विचारायचे आहे, की आपले राज्य विद्यापीठ, आपले तालुक्याच्या गावातले अनुदानित महाविद्यालय हे या दोघांपैकी कोणाच्या जवळचे आहे. माझ्या मते ते रशियाच्या त्या दशकाच्या जवळचे आहे. भारत संशोधन आणि विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो, असे २०२०–२१ चे सरकारी आकडे सांगतात. चीनचे प्रमाण २ टक्क्यांच्या वर आणि दक्षिण कोरियाचे ४ टक्क्यांच्या वर आहे. आपल्या या लहान रकमेतला मोठा हिस्सा अणुऊर्जा, अवकाश आणि संरक्षण खात्यांच्या प्रयोगशाळांना जातो. जे उरते त्यात आयआयटी, आयसर आणि राष्ट्रीय संस्था पुढे असतात. महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचा अर्ज नाकारला गेला, तर त्याने जायचे ते दुसरे दार बहुतेक वेळा नसतेच. म्हणून पैसा नसता तरी हुशारांनी तेच केले नसते का, या प्रश्नाला बोस्टनमध्ये कदाचित ‘बहुतांशी केले असते’ असे उत्तर देता येईल, पण बीड किंवा रत्नागिरीत ते देता येणार नाही.

पैशाचे काम प्रत्यक्षात कसे होते, हे आकड्यांपेक्षा एका उदाहरणाने नीट कळेल. माझ्याकडे एक विद्यार्थी होता. त्याचे नाव आणि फेलोशिप देणाऱ्या संस्थेचे नाव मी सांगणार नाही. मी शिकवलेल्या सर्वांत तल्लख मुलांपैकी तो एक. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइडचे मिश्रण करणाऱ्या निकेलच्या उत्प्रेरकांवर त्याचे काम होते. या अभिक्रियेचे जुने दुखणे असे, की सातशे अंशांच्या आसपास निकेलवर हळूहळू काजळीसारखा कार्बन साचतो आणि उत्प्रेरक निकामी होत जातो. हे पहिल्या काही तासांत दिसत नाही. चांगला उत्प्रेरक आणि दिखाऊ उत्प्रेरक यांतला फरक चाळिसाव्या, पन्नासाव्या तासाला कळतो, म्हणून निदान बहात्तर तासांचा सलग रन, म्हणजे मध्ये न थांबवता चालवलेला प्रयोग, घ्यावा लागतो. ज्वलनशील वायूंची सिलिंडरे जोडलेली भट्टी रात्री एकटी सोडता येत नाही. कोणीतरी तिथे बसावेच लागते.

त्याची फेलोशिप मंजूर झाली होती, पत्रही आले होते. पण पैसे यायला अकरा महिने लागले. घरून पैसे येण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्याने संध्याकाळी सहा ते साडेनऊ बारावीच्या क्लासमध्ये शिकवायला सुरुवात केली आणि मला ते दोन महिन्यांनी कळले. एकदा मी त्याची प्रयोगवही उघडली तेव्हा सगळे नजरेत आले. सोमवार ते शुक्रवारच्या सगळ्या नोंदी सकाळी साडेनऊला सुरू होऊन संध्याकाळी साडेपाचला संपत होत्या. प्रत्येक रन आठ तासांचा होता आणि प्रत्येक आलेखाची रेघ सरळ होती. त्याने बनवलेले दोन उत्प्रेरक आठ तासांपर्यंत अगदी सारखेच वागत होते आणि त्यांतला कोणता टिकाऊ, हे सांगायला त्याच्याकडे काहीच साधन नव्हते. त्याने तसाच निबंध लिहून एका चांगल्या नियतकालिकाकडे पाठवला. परीक्षकाचे उत्तर दोन ओळींचे होते: कल्पना चांगली आहे, पण टिकाऊपणाची माहिती नसल्याने निबंध स्वीकारता येत नाही.

अकराव्या महिन्यानंतर थकबाकीसकट सगळी रक्कम एकदम जमा झाली. कागदोपत्री सरकारने त्याचा एकही रुपया बुडवला नाही. पण हे वरातीमागून घोडे होते. थकलेले पैसे मिळतात, थकलेल्या रात्री मिळत नाहीत. त्याने क्लास सोडला आणि त्याच महिन्यात एका कनिष्ठ विद्यार्थ्याबरोबर पाळ्या लावून पहिला बहात्तर तासांचा रन घेतला. सेहेचाळिसाव्या तासाला एका उत्प्रेरकाची रेघ खाली झुकू लागली आणि दुसऱ्याची तशीच राहिली. त्या रेघेमुळे त्याचा प्रबंध उभा राहिला. मात्र तोपर्यंत तसाच उत्प्रेरक वापरून दुसऱ्या देशातल्या एका गटाचा निबंध छापून आला होता, त्यामुळे त्याचा निबंध दुय्यम दर्जाच्या नियतकालिकात गेला. उद्या कोणी त्याच्या कामगिरीचा आलेख काढला, तर अनुदान मिळूनही हा हुशार मुलगा मध्यमच राहिला, अशी नोंद होईल. आणि त्या नोंदीत ते अकरा महिने कुठेच दिसणार नाहीत.

याच कारणासाठी अनुदानाच्या परिणामाची चर्चा फक्त रकमेवर थांबली की मला ती अपुरी वाटते. जेआरएफची मासिक रक्कम ऑक्टोबर २०१४ मध्ये २५,००० रुपये झाली, जानेवारी २०१९ पासून ३१,००० आणि जानेवारी २०२३ पासून ३७,००० झाली. प्रत्येक वाढीसाठी देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावे लागले. रक्कम वाढली हे चांगलेच झाले. पण ३७,००० रुपये दर महिन्याच्या पाच तारखेला मिळणे आणि तेच ३७,००० रुपये आठ महिन्यांनी एकदम मिळणे, या दोन वेगळ्या फेलोशिप आहेत. पहिलीतून संशोधक तयार होतो आणि दुसरीतून कर्जबाजारी विद्यार्थी. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत, म्हणजे २०१८ साली सुरू झालेल्या पीएमआरएफमध्ये, सुरुवातीला महिना ७०,००० रुपये आणि वर्षाला २ लाख रुपये संशोधन खर्चासाठी ठेवले आहेत. त्यातला दुसरा आकडा मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण विद्यार्थ्याला रसायनाची बाटली मागवायला मार्गदर्शकाच्या प्रकल्पाची वाट पाहावी लागत नाही.

खरेदीचाही प्रश्न असाच आहे. जुलै २०२२ मध्ये संशोधन संस्थांना प्रयोगशाळेच्या उपकरणांवर मिळणारी ५ टक्के जीएसटीची सवलत काढली गेली आणि दर १८ टक्के झाला. म्हणजे आधी मंजूर झालेल्या प्रकल्पांत तेवढी उपकरणे बसेनात. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचे आयातशुल्क १५० टक्के केले गेले आणि ओरड झाल्यावर लवकरच प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांसाठी ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले गेले. दरम्यान कितीतरी मागण्या अडकून पडल्या. चांगल्या गोष्टीही झाल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. सप्टेंबर २०२४ मध्ये संशोधन अनुदानांवरच्या जीएसटीचा घोळ जीएसटी परिषदेने सूट देऊन मिटवला. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली आणि सरकारी ‘जेम’ पोर्टलच्या बाहेरून खरेदी करण्याचा अधिकार कुलगुरू व संचालकांना दिला. ज्याने मिश्रणातले घटक वेगळे करणारा क्रोमॅटोग्राफीचा कॉलम एका विशिष्ट कंपनीचाच हवा असताना पोर्टलवरचा स्वस्त कॉलम घेऊन तीन महिने वाया घालवले आहेत, त्याला या बदलाचे मोल सांगावे लागणार नाही.

आर्थिक वर्षाची गोष्टही इथेच सांगतो. अनेक योजनांचा पैसा आता संस्थेच्या खात्यात साठून राहत नाही. तो शून्य शिल्लक खात्यातून खर्चाच्या वेळी काढायचा असतो आणि ३१ मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते. सरकारी हिशेबाच्या दृष्टीने यात तथ्य आहे, कारण पूर्वी कोट्यवधी रुपये बँकांत पडून राहत. पण प्रयोगाला मार्च कळत नाही. हप्ता डिसेंबरात आला, तर निविदा, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती आणि उपयोगिता प्रमाणपत्र हे सगळे तीन महिन्यांत उरकायचे असते. अशा वेळी संशोधक गरजेची वस्तू सोडून लवकर मिळणारी वस्तू घेतो. ही त्याची लबाडी नसते, त्याच्यापुढे दुसरा मार्गच उरलेला नसतो.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो: मोजक्यांना भरभरून, की अनेकांना थोडे थोडे? कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या संशोधकांच्या अनुदानांचा आणि कामाचा एक विस्तृत अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की एका माणसाकडचा पैसा वाढत जातो तसतसे शोधनिबंध आणि त्यांना मिळणारे संदर्भ त्या प्रमाणात वाढत नाहीत. याचे कारण प्रयोगशाळेत राहिलेल्या कोणालाही कळेल. चार विद्यार्थी असलेला प्राध्यापक रोज भट्टीपाशी येतो, वीस विद्यार्थी असलेला प्राध्यापक महिन्यातून एकदा सादरीकरण पाहतो. ज्याच्या हुशारीसाठी पैसा दिला, त्याची हुशारी मग अहवाल लिहिण्यात खर्च होते.

शिवाय पैसा पैशाकडे जातो. नेदरलँड्समध्ये तरुण संशोधकांना दिल्या जाणाऱ्या एका राष्ट्रीय अनुदानाच्या काठावरच्या उमेदवारांचा पाठपुरावा केला, तेव्हा रेषेच्या जरा वर असलेल्यांना पुढच्या आठ वर्षांत जरा खाली असलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त अनुदान मिळालेले दिसले. त्याचे एक कारण फार जिव्हारी लागणारे आहे: ज्यांना पहिल्यांदा नाकारले गेले त्यांनी पुढे अर्ज करणेच कमी केले. समितीत बसणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. आपण एका प्रकल्पाला नकार दिला असे आपण समजतो, पण समोरचा माणूस तो नकार आपल्या लायकीवरचा शेरा समजतो. अमेरिकेतल्या आणखी एका अभ्यासात, सुरुवातीला थोडक्यात हुकलेल्यांपैकी काही जण क्षेत्रच सोडून गेले, पण जे टिकले त्यांचे पुढचे काम थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा सरस ठरले, असे आढळले आहे. यावरून नकार हितकारक असतो, असा अर्थ कोणी काढू नये. जे सोडून गेले त्यांचे काम आपल्याला कधीच दिसणार नाही, म्हणून ते मोजलेही जात नाही.

चीनने याबाबत वेगळा रस्ता धरला आणि त्याचा विचार केल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. परदेशात शिकलेल्या तरुण चिनी शास्त्रज्ञांना मोठे अनुदान, पगार आणि स्वतंत्र प्रयोगशाळा देऊन परत आणण्याची त्यांची ‘यंग थाउजंड टॅलेंट्स’ योजना होती. तिच्यावर २०२३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. परतलेले लोक उत्तम होते, पण अगदी पहिल्या ओळीतले बहुतेक परदेशातच राहिले, असे त्यात दिसते. तरीही जे परतले त्यांनी, तिकडे राहिलेल्या आपल्याच तोडीच्या सहकाऱ्यांपेक्षा, गटप्रमुख या नात्याने जास्त शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि त्याचे मुख्य कारण त्यांना मिळालेला जास्त पैसा आणि मोठा गट हे होते. म्हणजे हुशारी तेवढीच असताना साधनांनी फरक पडतो, याचा हा बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. पण याच चीनमध्ये विद्यापीठे प्रत्येक शोधनिबंधामागे रोख बक्षीस देत होती आणि त्यातून निबंधांचा पूर आला, तेव्हा २०२० साली सरकारलाच ती प्रथा बंद करायला सांगावे लागले. काम करण्यासाठी पैसा देणे आणि काम छापल्याबद्दल पैसा देणे यांत फार अंतर आहे.

आपणही त्या दुसऱ्या वाटेने बरेच चाललो. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे, हा नियम आणि पदोन्नतीसाठीची गुणमोजणी, या दोन्हींमुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. त्याला आवर घालायला विद्यापीठ अनुदान आयोगाने विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादी काढली, तिचे काम पुण्यातूनच चालत असे. पुढे २०२२ च्या नियमांत निबंधाची सक्ती काढली गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. या काळात फेलोशिप मिळालेल्या हुशार मुलांनी जे निबंध छापले, त्यांची संख्या मोजून अनुदानाचा परिणाम ठरवू नये. मी स्वतः अनेक वर्षे समितीत तीच संख्या मोजत होतो आणि ती पद्धत चुकीची होती, असे आज माझे ठाम मत आहे.

मोजण्याचा काळ किती धरतो, यावरही उत्तर बदलते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. त्याला औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींसारख्यांचा आश्रय आणि सरकारी अनुदाने असे दोन्ही आधार होते. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले आणि आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये निघाला. सगळे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा सुकथनकरांना जाऊन तेवीस वर्षे झाली होती. आजच्या तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या चौकटीत हे काम घातले असते, तर १९२२ च्या अहवालात ‘निष्पत्ती: शून्य’ असे लिहून ते बंद करावे लागले असते. हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्या विद्वानाला लागणारा वेळ हा सुद्धा बहात्तर तासांचा रनच आहे, फक्त तो दशकांत मोजायचा असतो.

विज्ञानातले माझे सर्वांत आवडते उदाहरण पुण्यापासून फार दूर नाही. १९६१ साली परदेशात काम करणाऱ्या चार तरुण भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, म्हणजे गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, भारतात एकत्र येऊन काम करण्याची इच्छा पत्राने कळवली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभांनी जानेवारी १९६२ मध्ये तारेने होकार कळवला. स्वरूप १९६३ मध्ये परतले. सुरुवातीला त्यांच्याकडे काय होते? ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या, जेमतेम सहा फुटी बत्तीस तबकड्या, ज्या त्यांनी कल्याणजवळ उभारल्या. पुढे १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले. आश्रय देणारा माणूस गेला की काम थांबते, असा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. इथे ते थांबले नाही. १९७० मध्ये उटीजवळच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली आणि १९९० च्या दशकात नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. त्या तबकड्या घन पत्र्याच्या नाहीत. तारांची जाळी दोरखंडांसारख्या ताणलेल्या आधारांवर बसवली आहे, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही कमी झाले आणि वाऱ्याचा मारही सुसह्य झाला.

या गोष्टीत पैशाने केलेले काम नीट पाहावे. सुरुवातीची रक्कम मोठी नव्हती. मोठी होती ती हमी. पुढच्या वर्षी पैसा येईल का, याची चिंता नसल्याने स्वरूप आणि त्यांचे तरुण सहकारी दहा-दहा वर्षांची गणिते मांडू शकले आणि चुका करून त्या सुधारू शकले. त्यांच्याकडे शिकलेले विद्यार्थी पुढच्या दुर्बिणीचे अभियंते झाले. २०२३ च्या जूनमध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे संकेत जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केले, त्यांत खोडदच्या दुर्बिणीने केलेली पल्सारची, म्हणजे नियमित स्पंदने पाठवणाऱ्या ताऱ्यांची, निरीक्षणे होती. हे फळ १९६२ च्या तारेत कोणत्याही समितीला दिसले नसते. एका उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण पैसा, माणूस आणि काळ हे तिन्ही एकत्र आले तर काय होते, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा महाराष्ट्रात नाही.

म्हणून वाटपाबद्दलचे माझे मत असे आहे. प्रत्येक नव्या प्राध्यापकाला, त्याच्या संस्थेचे नाव न पाहता, रुजू झाल्यापासून वर्षभरात एक लहान अनुदान मिळाले पाहिजे आणि त्यासाठी पूर्वीच्या निबंधांची संख्या विचारू नये. मोठी अनुदाने जरूर निवडकांनाच द्यावीत, पण पाच वर्षांची द्यावीत आणि एका माणसाकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त नसावीत. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, कायदा २०२३ मध्ये झाला तेव्हा पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे लक्ष्य ठेवले गेले. त्यातले १४,००० कोटी सरकारचे आणि बाकीचे उद्योगांसह इतर स्रोतांतून यायचे, अशी योजना आहे. राज्य विद्यापीठांना मोठ्या संस्थांशी जोडण्याचा त्यांचा कार्यक्रम मला योग्य दिशेचा वाटतो, मात्र मोठ्या संस्थेने लहान संस्थेच्या प्राध्यापकाला आपला नमुने पाठवणारा मदतनीस करू नये. महाराष्ट्रातल्या बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांकडेही मी याच नजरेने पाहतो. घरात पहिल्यांदाच पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींसाठी तो पहिला पैसा आहे आणि जागा कमी करणे, जाहिरात लांबवणे, हप्ता अडवणे यांचा फटका तिथे सर्वांत जास्त बसतो.

शेवटी आपल्यापुरते. आपण पहिला अर्ज करणार आहात, तर महागड्या उपकरणाच्या मोहात पडू नका. आयआयटी मुंबईतल्या सैफसारख्या सामायिक केंद्रांत शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. उपकरणासाठी मागितलेल्या रकमेऐवजी एका प्रकल्प सहायकाचे तीन वर्षांचे मानधन, उपभोग्य वस्तूंसाठी पुरेशी रक्कम, नमुने तपासण्याचे शुल्क आणि विजेचा बॅकअप एवढे मागा. वेळापत्रकात पहिले सहा महिने खरेदीसाठी धरा. अर्ज नाकारला गेला, तर परीक्षकांचे शेरे मागवून घ्या आणि पुढच्या फेरीत तोच अर्ज सुधारून पुन्हा पाठवा. पहिल्या हप्त्याला उशीर होणार हे गृहीत धरून आपल्या प्राचार्यांशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे महाविद्यालयाच्या निधीतून सहायकाला निदान चार महिन्यांचे मानधन आगाऊ देता येईल. तो सहायक संध्याकाळी सहानंतर कुठे जातो, तेही अधूनमधून विचारत जा.